युगांडात नोकरीला जाताय आणि समलिंगी आहात? आधी कायदा, घर आणि फोन यांची तयारी

काकिरा आणि लुगाझीचे साखर कारखाने, कंपालातल्या औषध, पोलाद आणि बांधकाम कंपन्या, बँका, सॉफ्टवेअरची कामं. युगांडात भारतीयांना बोलावणाऱ्या नोकऱ्या पुष्कळ आहेत, आणि त्यांत मराठी माणूसही असतो. २०१८ नंतर वयात आलेल्या इथल्या समलिंगी मुलाला कलम ३७७ ही जुनी गोष्ट वाटते. कंपालाच्या विमानात बसताना तो तीच गोष्ट जास्त कडक रूपात पुन्हा गाठत असतो. ही माहिती अशा माणसासाठी आहे, आणि असा सहकारी हाताखाली असलेल्या मॅनेजरसाठीही.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. कागदावरची शिक्षा भयंकर आहे, पण रोजचा धोका त्या शिक्षेत नसतो. तो घरमालकात, शेजाऱ्यात, ॲपवर भेटलेल्या अनोळखी माणसात आणि पोलीस ठाण्यातल्या पहिल्या दोन दिवसांत असतो. तयारी या चार ठिकाणांची करायची.

कायदा नेमका काय म्हणतो

दोन कायदे एकत्र लागू आहेत. पहिला १९५० चा दंडसंहिता कायदा. त्यातलं "निसर्गनियमाविरुद्ध शरीरसंबंध" हे कलम आपल्या ३७७ च्याच कुळातलं आहे. शिक्षा जन्मठेपेपर्यंत. दुसरा २०२३ चा समलैंगिकताविरोधी कायदा, ज्यावर राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी यांची सही मे २०२३ मध्ये झाली. २०१४ मध्येही असाच एक कायदा आला होता. संसदेत गणसंख्या नसताना तो मंजूर झाला म्हणून घटनापीठाने १ ऑगस्ट २०१४ ला तो रद्द केला. त्यामुळे "तो कायदा तर कोर्टाने उडवला ना?" असं कुणी सांगितलं तर ते जुन्या कायद्याबद्दल बोलत आहेत.

२०२३ च्या कायद्यातल्या शिक्षा अशा: समलिंगी शरीरसंबंधाला जन्मठेप, प्रयत्नाला १० वर्षांपर्यंत, समलिंगी विवाहाला १० वर्षांपर्यंत, "प्रचारा"ला २० वर्षांपर्यंत. "गंभीर समलैंगिकता" नावाच्या गुन्ह्याला मृत्युदंड आहे. समोरची व्यक्ती अल्पवयीन, अपंग किंवा ७५ वर्षांवरची असेल, किंवा आरोपीवर हाच गुन्हा आधी सिद्ध झालेला असेल, अशा परिस्थितींत तो लागतो. दोघांची संमती होती हा बचाव चालत नाही. फाशीची भीती घालून पैसे उकळणारे भेटतात, म्हणून हेही माहीत असू द्या: युगांडात १९९९ नंतर सामान्य नागरिकाला फाशी दिलेली नाही आणि २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मृत्युदंड सक्तीचा राहिलेला नाही.

याच कायद्यात तुमच्या उपयोगाचं एक वाक्य आहे. एखाद्यावर समलिंगी असल्याचा नुसता आरोप किंवा संशय आहे, पण त्याने स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तीशी शरीरसंबंध केलेला नाही, तर तो या कलमाखाली गुन्हेगार ठरत नाही. गुन्हा कृतीचा आहे, असण्याचा नाही. पोलिसांसमोर "होय, मी समलिंगी आहे" म्हणणं हा कायद्याने गुन्ह्याचा पुरावा नाही, तरी ते म्हणू नये. त्या वाक्यावरून पुढचे प्रश्न सुरू होतात आणि पुढच्या एखाद्या उत्तरात कृतीची कबुली निसटते.

३ एप्रिल २०२४ ला घटनापीठाने कायदा एकूण कायम ठेवला, पण चार तरतुदी काढून टाकल्या: घर किंवा जागा भाड्याने देणं हा गुन्हा ठरवणारं कलम ९ आणि कलम ११(२)(घ), माहिती असूनही पोलिसांना न कळवणं हा गुन्हा ठरवणारं कलम १४, आणि असाध्य आजाराचा संसर्ग झाल्यास गुन्हा "गंभीर" धरणारं कलम ३(२)(ग). म्हणजे आज तुमच्या घरमालकाला, डॉक्टरला किंवा मॅनेजरला तुमची खबर देण्याची सक्ती नाही. हे त्यांना बहुधा माहीत नसतं. निकालावर सर्वोच्च न्यायालयात अपील आहे. निघण्यापूर्वी ताजी स्थिती वकिलाकडून विचारून घ्या.

"प्रचार" हा शब्द सर्वांत लवचिक आहे. साहित्य छापणं, वाटणं, पैसे देणं, संस्था चालवणं, सगळं त्यात येतं. कंपनीला १ अब्ज शिलिंगपर्यंत दंड आणि परवान्यावर गदा येऊ शकते, म्हणून तुमचं ऑफिस या विषयावर तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेलं असतं. भारतातल्या मुख्यालयाचं जूनमधलं इंद्रधनुषी पोस्टर कंपालाच्या शाखेच्या नोटीस बोर्डावर लावणारा उत्साही एचआर भेटला तर त्याला हा परिच्छेद दाखवा.

निघण्याआधी

वकील निघण्याआधी शोधायचा असतो, अटकेनंतर नाही. कंपालात या प्रकरणांत काम करणाऱ्या मानवी हक्क संस्था आहेत. त्यांपैकी ह्युमन राइट्स अवेअरनेस अँड प्रमोशन फोरम ही कायदेशीर मदत देणारी जुनी संस्था. तिचा किंवा एखाद्या खासगी फौजदारी वकिलाचा नंबर पाठ करा. फोनमध्ये ठेवलेला नंबर फोन जप्त झाल्यावर उपयोगाचा नसतो. दुसरा नंबर भारतातल्या एका अशा माणसाचा, ज्याला तुमच्याबद्दल सगळं माहीत आहे आणि जो घाबरून आईवडिलांना फोन करणार नाही.

त्या माणसाकडे एक बंद लिफाफा द्या: पासपोर्ट आणि वर्क परमिटची प्रत, कंपालातला पत्ता, वकिलाचा नंबर, भारतीय उच्चायुक्तालयाचा नंबर, नियमित औषधांची यादी, आणि दीड-दोन लाख रुपये तातडीने उचलता येतील अशी सोय. वकिलाची फी, जामीन आणि ऐनवेळचं तिकीट यांना रोख लागते.

जोडीदाराला बरोबर नेता येत नाही. युगांडाच्या घटनेत २००५ पासून समलिंगी विवाहाला थेट मनाई आहे, त्यामुळे तुमच्यावर अवलंबून असलेला जोडीदार म्हणून त्याला परवाना मिळण्याचा प्रश्नच येत नाही. तो यायचाच असेल तर स्वतःच्या नोकरीवर, स्वतःच्या परमिटवर.

पारलिंगी व्यक्तींनी पासपोर्टवरचं नाव, फोटो आणि लिंग हे रोजच्या दिसण्याशी जुळतं का ते पाहावं. न जुळल्यास "तोतयेगिरी"चा आरोप लावला जातो, आणि त्यासाठी २०२३ चा कायदा लागतच नाही.

घर

युगांडात सर्वांत खालची सत्ता म्हणजे एलसी-वन, गावाच्या किंवा वस्तीच्या परिषदेचा चेअरमन. आपल्याकडच्या सरपंचाचं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीचं मिश्रण समजा. घर घेताना, जामीनदार आणताना, साध्या ओळखपत्रालाही त्याचं पत्र लागतं. कोण कुठे राहतो आणि कोणाकडे कोण येतं हे त्याला ठाऊक असतं. पहिल्या आठवड्यात जाऊन भेटा, नाव सांगा, कुठल्या कंपनीत आहात ते सांगा. अनोळखी मुझुंगू किंवा मुहिंडी (गोरा किंवा भारतीय, असं तिथे म्हणतात) वस्तीत राहिला की चर्चा होतेच, ओळखीचा झाला की कमी होते.

एलसी-वनला तुमच्या घरात घुसून झडती घेण्याचा अधिकार नाही. २००५ मध्ये एका चेअरमनने व्हिक्टर मुकासा या कार्यकर्त्याच्या घरात शिरून कागदपत्रं उचलली आणि घरी आलेल्या इव्हॉन ओयो यांना पोलिसांकडे नेलं. डिसेंबर २००८ मध्ये उच्च न्यायालयाने हा खासगीपणाचा आणि माणुसकीच्या वागणुकीचा भंग ठरवून भरपाई दिली. हा निकाल आजही वकील वापरतात.

भाडेकरार लेखी करा. २०२२ च्या घरमालक-भाडेकरू कायद्याप्रमाणे ५ लाख शिलिंग किंवा जास्त रकमेचा भाडेकरार लेखीच हवा, आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. प्रत्यक्षात मालक कुलूप बदलतो आणि सामान अंगणात ठेवतो. तेव्हा भांडू नका. भांडण सुरू झालं की कारण मोठ्याने बोललं जातं आणि गर्दी जमते. महत्त्वाची कागदपत्रं असलेली पिशवी घ्या, बोडा-बोडा (भाड्याची मोटारसायकल) नव्हे तर टॅक्सी बोलवा, हॉटेलात जा. अनामत रकमेची वसुली वकिलामार्फत नंतर होते.

दोन पुरुषांनी फ्लॅट वाटून घेणं हे भारतीय नोकरदारांत अगदी नेहमीचं आहे, त्याचा फायदा घ्या. दोन बेडरूमचं घर, करारावर दोन नावं, दोन्ही पलंगांवर वापरलेल्या चादरी. घरकामाची बाई आणि फाटकावरचा अस्कारी (पहारेकरी) यांना पगार वेळेवर आणि वागणूक नीट द्या. कामावरून काढलेल्या माणसाने रागाने केलेली तक्रार हे अशा प्रकरणांचं एक ठरलेलं मूळ आहे. कंडोम आणि वंगणाचा मोठा साठा घरात ठेवू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये कंपालात १६ जणांना अटक झाली तेव्हा पोलिसांनी याच वस्तू पुरावा म्हणून दाखवल्या होत्या.

फोन

युगांडात सिमकार्ड पासपोर्टवर नोंदवलेलं असतं. त्या नंबरवरून जे कराल ते तुमच्या नावावर. डेटिंग ॲपला तो नंबर जोडू नका.

फोनचं कुलूप बोटाच्या ठशाने नव्हे, किमान ६ अंकी पिनने ठेवा. बोट जबरदस्तीने टेकवता येतं, पिन मात्र तोंडातून काढावा लागतो. खासगी बोलणं सिग्नल ॲपवर, संदेश २४ तासांत आपोआप पुसले जातील असं ठेवून. मग तीन ठिकाणं तपासा, कारण चूक तिथेच होते: गुगल फोटोजमध्ये आपोआप चढलेले फोटो (गॅलरीतून पुसले तरी क्लाउडच्या कचरापेटीत राहतात), व्हॉट्सॲपचा बॅकअप, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर उघडंच राहिलेलं व्हॉट्सॲप वेब. जुन्या गटांतून बाहेर पडा. पुण्या-मुंबईच्या प्राइड वॉकचा गट तुमच्यासाठी निरुपद्रवी असेल, पण त्याचं नाव आणि त्यातला तुमचा नंबर स्क्रीनवर दिसणं पुरेसं आहे.

मराठीत लिहिलं तर कुणाला कळतंय, हा भ्रम सोडा. भाषांतराचं बटण प्रत्येक फोनमध्ये आहे. शिवाय तिथल्या भारतीय वसाहतीत गप्पा वेगाने फिरतात. बाहेरच्यापेक्षा आपल्याच माणसाच्या तोंडातून गोष्ट ऑफिसात पोचण्याची शक्यता जास्त.

फेसबुक जानेवारी २०२१ च्या निवडणुकीपासून युगांडात बंद असल्याने लोक व्हीपीएन वापरतात. ते वापरा, पण व्हीपीएन तुमचं इंटरनेट झाकतो, फोन हातात आलेल्या माणसापासून काही झाकत नाही.

ॲपवरची भेट आणि खंडणी

पद्धत जवळजवळ ठरलेली असते. प्रोफाइल आकर्षक, बोलणं लवकर खासगी, व्हिडिओ कॉल टाळणं, भेटीची जागा त्याच्या घरी किंवा दूरच्या उपनगरात. तिथे गेल्यावर दार उघडून दोन-तीन माणसं आत येतात. एक पोलीस असल्याचं सांगतो, कधी खरंच असतो. फोन घेतला जातो, कपड्यांशिवायचे फोटो काढले जातात, आणि मोबाइल मनीवर रक्कम मागितली जाते.

टाळायचं असेल तर: आधी चेहरा दिसेल असा व्हिडिओ कॉल, पहिली भेट दिवसा एखाद्या मॉलमधल्या कॉफीच्या दुकानात, स्वतःचं वाहन, दुसरा साधा फोन, खिशात थोडेच पैसे, आणि ठरलेल्या वेळी "पोचलो" असा संदेश न आल्यास काय करायचं हे माहीत असलेला एक मित्र. स्वतःच्या कामाचं ठिकाण सांगू नका. परदेशी माणूस आणि कंपनीचं नाव, एवढ्यावर मागणीची रक्कम ठरते. तिथला समलिंगी समाज स्वतःला "कुचू" म्हणतो. त्यातले ओळखीचे लोक नव्या प्रोफाइलबद्दल लगेच सांगू शकतात, ते ॲपपेक्षा भरवशाचे.

अडकलातच, तर त्या खोलीतून बाहेर पडणं हे पहिलं काम. जवळ असेल ते देऊन निघा. नंतर मात्र पुढचा हप्ता देऊ नका. एकदा दिलेल्याला महिनाअखेर पुन्हा फोन येतो, आणि रक्कम वाढलेली असते. मोबाइल मनीने पैसे पाठवताना समोरच्याचं नोंदणीकृत नाव स्क्रीनवर येतं. ते नाव, नंबर, व्यवहाराचा क्रमांक, धमक्यांचे स्क्रीनशॉट भारतातल्या तुमच्या माणसाला पाठवा, ते पोचल्याची खात्री करा आणि मग आपल्या फोनमधून पुसा. दोन्ही करायचं: पुरावा राखायचा आणि फोन स्वच्छ ठेवायचा.

खंडणी हा युगांडातही गुन्हा आहे, आणि २०२३ च्या कायद्यात खोटा आरोप करणाऱ्याला एका वर्षापर्यंत शिक्षा आहे. तरीही एकट्याने ठाण्यात जाऊन तक्रार देऊ नका. तक्रारदार म्हणून गेलेला माणूस आरोपी म्हणून आत राहिल्याची उदाहरणं आहेत. वकिलाने लिहिलेली तक्रार, ज्यात फक्त धमकी आणि पैसे यांचा उल्लेख आहे, हाच मार्ग.

अटक झाली तर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये असं आपण म्हणतो. इथे ते उलटं. अटकेनंतर जितक्या लवकर न्यायाधीशासमोर उभे राहाल तितकं बरं, कारण मारहाण, सौदा आणि वृत्तपत्राला फोन हे सगळं पोलीस ठाण्यात घडतं.

घटनेचं कलम २३ पाठ असावं. अटकेचं कारण तुम्हाला समजणाऱ्या भाषेत सांगायला हवं, वकील मिळायला हवा, तुम्ही सांगाल त्या नातेवाइकाला कळवायला हवं, औषधोपचार मिळायला हवा, आणि ४८ तासांत कोर्टात हजर करायला हवं. हजर केलं नाही तर वकील उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडीतल्या माणसाला कोर्टात हजर करायला लावणारा अर्ज करतो. हा हक्क घटनेने कधीही स्थगित न होणाऱ्यांत ठेवलेला आहे. अटक शुक्रवारी संध्याकाळी झाली की शनिवार-रविवारचं निमित्त सांगितलं जातं. घड्याळ मात्र चालूच असतं, त्यामुळे अटकेची वेळ लक्षात ठेवा.

वकील येईपर्यंत नाव, राष्ट्रीयत्व आणि पत्ता एवढंच. "मी वकिलासमोर बोलेन" हे वाक्य शांतपणे, पुन्हा पुन्हा. कोठडीतला कबुलीजबाब असिस्टंट इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्यासमोर अथवा मॅजिस्ट्रेटसमोर नसेल तर कोर्टात चालत नाही. पण साध्या शिपायाशी "आपल्यातलं" म्हणून झालेली बडबड तपासाची दिशा ठरवते. इंग्रजीत लिहिलेला जबाब पूर्ण वाचल्याशिवाय सही नको. सुनावणीत दुभाषी मागण्याचा हक्क आहे.

वकिलाची भेट नाकारली तर तेच नंतर हत्यार होतं. मार्च २०२० मध्ये कंपालाजवळच्या एका निवाऱ्यावर धाड टाकून कोरोनाचं कारण देत लोकांना कोठडीत ठेवलं आणि वकिलांना भेटू दिलं नाही. उच्च न्यायालयाने त्यांतल्या प्रत्येकाला ५० लाख शिलिंग भरपाई देण्यास सांगितलं.

"वैद्यकीय तपासणी"च्या नावाखाली गुदद्वाराची तपासणी करतात. तिला वैद्यकीय आधार नाही. संयुक्त राष्ट्रांची छळविरोधी यंत्रणा तिला छळ मानते आणि जागतिक वैद्यकीय संघटनेने २०१७ मध्ये डॉक्टरांनी ती करू नये असा ठराव केला आहे. "माझी संमती नाही" असं डॉक्टरला तोंडी सांगा आणि फॉर्मवर तसं लिहायला सांगा. जबरदस्ती झाली तर डॉक्टरचं नाव, दवाखाना आणि वेळ वकिलाला सांगा. २०१२ च्या छळप्रतिबंधक कायद्याखाली ती तक्रार होते. अंगावर मारहाणीच्या खुणा असतील तर पोलीस फॉर्म ३ वर त्यांची नोंद मागा.

भारतीय उच्चायुक्तालयाला कळवा, असं स्पष्ट म्हणा. व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ नुसार तुम्ही मागितल्यावर पोलिसांना ते करावं लागतं. उच्चायुक्तालय खटला लढत नाही, भेटायला येतं, वकिलांची यादी देतं, घरी कळवतं. घरी कळवू नये असं वाटत असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर ते कर्तव्य म्हणून आईला फोन करतील.

पोलीस बॉण्डवर, म्हणजे ठाण्यातूनच लेखी हमीवर होणारी सुटका फुकट असते, ठाण्याच्या भिंतीवर तसं लिहिलेलंही सापडतं. पैसे मागितले तर पावती मागा. परदेशी माणसासाठी खरी अडचण जामीनदाराची. युगांडाचं ओळखपत्र आणि एलसी-वनचं पत्र असलेले दोघे लागतात, आणि पासपोर्ट जमा करावा लागतो. हे दोघे कोण, याचं उत्तर आधीच ठरवलेलं असावं.

आरोप नेमका कोणता यावर मुदत ठरते. जन्मठेपेचा गुन्हा चीफ मॅजिस्ट्रेट चालवू शकतो, तिथे खटला सुरू न होता ६० दिवस कोठडी झाली की जामीन द्यावाच लागतो. मृत्युदंडाचा "गंभीर" गुन्हा फक्त उच्च न्यायालय चालवतं, तिथे ही मुदत १८० दिवस. म्हणून आरोपपत्रातला एक शब्द बदलणं हे वकिलाचं पहिलं काम असतं.

आरोग्य

एचआयव्हीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. मुलागो रुग्णालयातला मार्पी दवाखाना एचआयव्हीचा धोका जास्त असलेल्या गटांसाठी उभा राहिला, पण २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबल्यापासून अशा सेवांवर ताण आहे. निदान ३ महिन्यांची औषधं मूळ पॅकिंगमध्ये, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्या. धोका झाल्यास प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं. कारण विचारलं तर "असुरक्षित संबंध" एवढं पुरतं, कोणाशी ते सांगावं लागत नाही. २०१४ च्या एचआयव्ही कायद्यात जाणूनबुजून संसर्ग करण्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तेव्हा जोडीदाराला स्थिती सांगितल्याची नोंद दवाखान्यात असलेली बरी.

सीमा ओलांडताना

नैरोबीला पळालो की सुटलो, असं नाही. केनियात कलम १६२ खाली १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि २४ मे २०१९ ला उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. टांझानियात जन्मठेपेपर्यंत जाते. शेजाऱ्यांत रवांडात समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, आणि कंपालाहून किगालीला बस आणि विमान दोन्ही आहेत. प्रकरण अंगाशी येतंय असं दिसलं आणि अजून बॉण्ड किंवा जामीन झालेला नाही, तर तिकडून मुंबईचं विमान पकडता येतं. बॉण्डवर असताना मात्र सीमेकडे जाऊ नका. हजेरीची तारीख चुकली की तुमचा जामीनदार अडचणीत येतो, आणि तो बहुधा तुमच्याच ऑफिसातला एखादा युगांडन सहकारी असतो.